वर्दी सैनिकाची, वेठ घराची

३१ डिसेंबरच्या रात्री मंडणगड, दापोली, खेडमधून गाड्या निघतात. पोरं काचेला निळे झेंडे लावतात आणि घाट चढून पहाटे भीमा कोरेगावला पोचतात. विजयस्तंभापुढे उभं राहिलं की प्रत्येक जण कोरलेल्या नावांमध्ये ‘नाक’ने संपणारी नावं शोधतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि आपला विसरलेला इतिहास त्यांनी आपल्या हाती दिला. आम्ही दरवर्षी जातो, यापुढेही जाणार.

मागे एकदा परतीच्या गाडीत एका ताईने विचारलं, “जे गेले त्यांची नावं दगडावर आहेत. त्यांच्या मागे घर कुणी सांभाळलं, त्यांची नावं कुठे आहेत?” गाडी एकदम गप्प झाली. आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं.

‘महारांनी इंग्रजांची चाकरी केली’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात आमची अर्धी ताकद जाते. ज्यांनी आम्हाला माणूस मानलं नाही त्यांनी आम्हाला देशभक्ती शिकवू नये, हे आम्ही शंभर वेळा सांगितलं आहे आणि गरज पडली तर पुन्हा सांगू. आजचं भांडण मात्र घरातलं आहे. आपल्या चळवळीने सैनिकाची तलवार लक्षात ठेवली आणि त्याचं घर विसरलं. हे विसरणं आज आपल्याच पोरांना महागात पडतं आहे.

सैनिक समुद्रापार, घर खोताच्या हद्दीत

रत्नागिरी जिल्ह्याला लोक मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. गिरणीतली मनीऑर्डर यायच्या आधी इथे पलटणीतली मनीऑर्डर येत होती. मुंबई इलाख्याच्या फौजा एडनला गेल्या, ॲबिसिनियाला गेल्या, ब्रह्मदेशात गेल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणाऱ्यांना परत आल्यावर प्रायश्चित्त लागायचं. आमच्या माणसाला गावात कुणी शिवून घेत नव्हतं, मग त्याचं बुडणार काय होतं? तो जहाजात चढला.

तो हातात बंदूक घेऊन परमुलखात उभा असताना त्याची बायको कुठे होती? ती कोकणातल्या गावाबाहेरच्या वाडीत, खोताच्या हद्दीत होती. नवरा सरकारचा शिपाई, म्हणून खोताने तिची वेठ माफ केली नाही. वतनाची कामंही सुटली नाहीत. कुणाच्या मर्तिकाचा सांगावा घेऊन जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, सरपण फोडायचं. घरातला कर्ता माणूस नसला तरी घराची पाळी चुकत नसे. नवऱ्याने पाठवलेल्या पैशातला वाटा खोताच्या घरात जाई. वर्दी एका माणसाच्या अंगावर होती, जात मात्र सगळ्या घरावर होती.

आमच्या आज्या सांगायच्या, पोस्टमन वाडीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायचा. पत्र वाचून घ्यायला गावातल्या मास्तरांच्या अंगणाबाहेर थांबावं लागायचं. नवऱ्याने बायकोला लिहिलेला शब्द आधी परक्याच्या कानावर पडायचा, मग तिच्या. उत्तर लिहून घ्यायचं तरी तेच. मनातलं किती सांगणार? ‘सर्व खुशाल आहे’ एवढंच लिहिलं जायचं. पोर तापाने फणफणलेलं असलं तरी खुशाल आणि घरात दाणा नसला तरी खुशाल.

म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातला शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन धडकला, तेव्हा ती लढाई सैनिकांच्या घरांचीही होती. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. तोवर किती पिढ्यांनी रणांगण जिंकून घरी वेठ केली, याचा हिशेब कुणी ठेवला?

व्हरांडा

लष्कराने आमच्या घरांना एक गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. पलटणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिकवलं जाई. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला, कारण ते सैनिकाच्या घरातलं लेकरू होते.

पण छावणीचं फाटक ओलांडलं की काय होई? कँप दापोलीत महार पेन्शनरांची वस्ती होती. आयुष्यभर सरकारसाठी लढून आलेली ही माणसं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या पोरांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. पोरांना जागा मिळाली ती व्हरांड्यात. बापाच्या छातीवर पदक आणि पोराच्या बुडाखाली व्हरांडा!

१९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग तर आपल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. आई वारलेली, वडील नोकरीसाठी गोरेगावला. सुट्टीत त्यांना भेटायला निघालेली मुलं नवे कपडे घालून स्टेशनवर उतरली. वडिलांपर्यंत निरोप पोचला नव्हता, म्हणून घ्यायला कुणी आलं नव्हतं. कपडे बघून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुलं महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलला. पैसे असूनही गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. बापाची सुभेदारी मसूर स्टेशनवर कामाला आली नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. सैनिकाच्या मागे राहिलेल्या घराची साक्ष द्यायला यापेक्षा मोठा साक्षीदार कोण आणणार?

चार वर्षांची नोकरी

१८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या नावाखाली महारांची भरती बंद केली गेली. हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीत राहिले होते. त्यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. कुणी ऐकलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि १९२१ साली ती मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो!

१९१७ ते १९२१ म्हणजे चार वर्षं. चार वर्षांच्या नोकरीवर पेन्शन कुठून येणार? माणूस वर्दी उतरवून गावात आला तो पुन्हा खोताच्या दारात.

आता २०२२ सालाकडे या. जूनमध्ये अग्निपथ योजना आली. मुदत पुन्हा चार वर्षं. चार वर्षांनंतर शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होणार, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. चार वर्षांत जीव गेला तर विम्याची आणि मदतीची एकरकमी रक्कम आहे, पण कुटुंबाला आयुष्यभर पुरणारं निवृत्तिवेतन नाही. भरतीच्या वेळी पोरगा अविवाहितच असावा लागतो, तेव्हा ‘बायकोच नाही, मग कुटुंब कसलं’ असं कुणी म्हणेल. त्या पोराच्या आईला विचारा कुटुंब कसलं ते. घर गहाण टाकून तिने त्याला भरतीच्या क्लासला पाठवलेलं असतं.

आमच्या बौद्धवाड्यांतली पोरं आजही पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांनी धावू नये, असं आम्ही म्हणत नाही. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून बाबासाहेब झटले. तिची दुसरी बटालियन ब्रह्मदेशात आणि पुढे इराकात गेली. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे होते. हा वारसा आपला आहे. पण वारसा सांगताना कागदही वाचायला शिका. १९१७ची फसवणूक ज्यांना माहीत आहे, त्यांनी २०२२ साली तरी प्रश्न विचारायला हवेत.

आजची एक वाडी

मंडणगड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतली गोष्ट. नाव सांगत नाही, कारण त्या ताईला तिथेच राहायचं आहे. तिचा नवरा हवालदार, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षभरासाठी आफ्रिकेत गेलेला. गावभर चर्चा डॉलरची. घरात ती, दोन मुलं आणि म्हातारी सासू.

पावसाळ्यात सासू आजारी पडली. मोठं लष्करी रुग्णालय गाठायचं तर मुंबई किंवा पुणे, म्हणजे एका दिवसाचा प्रवास. जवळच्या खासगी दवाखान्याने आधी पैसे मागितले. पैसे होते, पण खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर. नेटवर्क नसल्याने नवऱ्याशी तीन दिवस बोलणं नाही. पैसा खात्यात आणि बाई सावकाराच्या दारात! वाडीच्या पाणीयोजनेचा पंप बंद पडला म्हणून ती पंचायतीत गेली, तर उत्तर मिळालं, “मालक आल्यावर बघू.” तिरंग्याखाली परदेशात उभा असलेला नवरा आला तरच वाडीला पाणी?

त्याच गावाने १५ ऑगस्टला तिला बोलावून साडी आणि नारळ दिला. ‘वीरपत्नी’ म्हणून टाळ्या वाजवल्या. वास्तविक तिचा नवरा जिवंत आहे, हेही कुणाला आठवलं नाही. ताई आम्हाला म्हणाली, “साडी नको होती, पंप चालू केला असता तरी चाललं असतं.”

त्यागाचं कौतुक पुरे

इथे आम्हाला आमच्याच माणसांशी बोलायचं आहे. रमाई आमची आई. दापोलीजवळच्या वणंदची लेक. बाबासाहेब १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशात होते, तेव्हा तिने घर तगवलं, पोटची लेकरं गमावली. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. बाबासाहेब सैनिक म्हणून गेले नव्हते. पण समुद्रापार गेलेल्या माणसामागे घर धरून ठेवणं काय असतं, हे आपल्याला रमाईमुळे कळलं.

आम्ही काय केलं? तिची गाणी गायलो, डोळे पुसले आणि आपल्या घरातल्या बाईला सांगितलं, ‘रमाईसारखी राहा.’ म्हणजे सोस आणि बोलू नकोस. ही भक्ती रमाईचा अपमान आहे. बाबासाहेब त्यागाचं कौतुक करून थांबले नाहीत. त्यांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बाईचं दुःख पाहून हात जोडायचे की तिला कायद्याने हक्क द्यायचा, यातली त्यांची निवड स्पष्ट आहे.

मनूचा हात किती लांब पोचतो, याचा एक नमुना पाहा. शौर्यपदक मिळालेल्या शहीद सैनिकाच्या पत्नीला पदकाचा भत्ता मिळतो. तिने दुसरं लग्न केलं तर भत्ता बंद. चालू ठेवायचा तर लग्न दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच झालेलं हवं! ही अट प्रजासत्ताक भारताच्या नियमात होती आणि ती काढायला नोव्हेंबर २०१७ उजाडावा लागला. नवरा देशासाठी मेला, तरी बाई सासरच्या मालकीची! यावर आमच्यापैकी किती जणांनी कधी निवेदन दिलं होतं?

करायचं काय?

मित्रांनो, मैत्रिणींनो, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात सुरू केलेली कामं सांगतो. तुम्ही तुमच्या तालुक्यात करा.

एक. वाडीतला माणूस सैन्यात असेल तर बाहेर जाण्याआधी त्याच्यासोबत बसा. बँक खातं पत्नीसोबत संयुक्त आहे का? लग्न आणि मुलांचे जन्म युनिटच्या नोंदीत चढले आहेत का? विम्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे? हे कागद पत्नीने स्वतः वाचलेले असले पाहिजेत.

दोन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता प्रत्येक बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहा. तिथे एकट्या ताईला पाठवू नका, सोबत जा.

तीन. १९२५चा भारतीय सैनिक (दावे) कायदा वाचा. सैनिक युद्धावर किंवा समुद्रापार नेमणुकीवर असताना त्याच्याविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा त्याच्या पाठीमागे उरकता येऊ नये, म्हणून हा कायदा आहे. जिल्हाधिकारी न्यायालयाला तसं कळवू शकतात. माणूस बाहेर आहे हे बघून बांध सरकवणारे कोकणात कमी नाहीत.

चार. ग्रामसभेत सैनिकाची पत्नी बोलायला उभी राहिली की वाडीने तिच्यामागे उभं राहावं. ‘मालक’ हा शब्द पंचायतीच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये.

पाच. घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा. मनीऑर्डरच्या पावत्या, डिस्चार्ज पेपर, जुनी पत्रं, पेन्शनची पुस्तकं वाळवीच्या आधी आपल्या हाती लागली पाहिजेत. आज्यांना बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. प्रस्थापितांनी आमचा इतिहास लिहिला नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या घरातल्या बायांचा इतिहास तरी लिहावा.

येत्या १ जानेवारीला स्तंभापुढे सलामी दिल्यावर आम्ही रत्नागिरीकर एक यादी वाचणार आहोत. पलटणीत गेलेल्या आमच्या पूर्वजांच्या आया, बायका आणि लेकी यांची नावं त्यात असतील. आतापर्यंत फार थोडी जमली आहेत. बऱ्याच घरांत ‘सुभेदाराची बायको’ एवढंच आठवतं, तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. तुमच्या घरातलं नाव आधी तुम्ही शोधा आणि आम्हाला पाठवा. गाडीत त्या ताईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होईल.

जय भीम! जय संविधान!