हौसेचे भाडे

डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी भल्या पहाटे निफाड तालुक्यातल्या चापडगावच्या रस्त्याला नाशिकच्या गाड्या लागतात. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेली १५०-६०० ची झूम लेन्स, डिकीत ट्रायपॉड, थर्मासमध्ये चहा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्यामागे साचलेल्या गाळात आणि उथळ पाण्यात थंडीत चक्रवाक, क्रौंच, चित्रबलाक उतरतात. महाराष्ट्राला पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतले पहिले स्थान याच पाणथळीने २०१९ मध्ये मिळवून दिले. दुपारी परतताना एकेकाच्या कार्डात पाच-सहाशे फ्रेम असतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे एका सकाळचा ऐवज पंधरा जीबीच्या घरात जातो. संध्याकाळी प्रश्न पडतो, हे सगळे उघडायचे कशात?

उत्तर तयार असते: "फोटोशॉप टाकून घे." किती पैसे पडतील, हे ना विचारणारा विचारतो, ना सांगणारा सांगतो. कॉम्प्युटर जोडून देणारा "सगळं टाकून देतो" म्हणतो, तेव्हा त्या 'सगळ्यात' चोरीचे फोटोशॉप गृहीतच असते.

थॉमस आणि जॉन नोल या भावांनी १९८७ मध्ये सुरू केलेले हे काम फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आले आणि पुढे आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत सगळे त्यावरच बनू लागले. स्टुडिओवाल्याच्या हाताला ते सरावाचे, म्हणून हौशी माणसालाही तेच सुचवले जाते. पण चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी ती तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून दंडावर भागवू शकते, एवढीच हौशी माणसाला सवलत. कायदा बाजूला ठेवला तरी अडचण उरतेच. जुनी, अद्ययावत न होणारी प्रत नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखतच नाही. त्यावर अडोबीचाच मोफत डीएनजी कन्व्हर्टर हा उतारा आहे, पण चोरीच्या प्रतीसोबत ही माहिती सहसा येत नाही.

या स्तंभाचे म्हणणे असे, की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला फोटोशॉप मुळात लागतच नाही. त्याचे कारण पैशाचे नाही, स्पर्धेच्या नियमांचे आहे. आंतरराष्ट्रीय सलोनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये, निसर्ग विभागासाठी एफआयएपी, पीएसए आणि आरपीएस या तीन संस्थांनी मिळून एक व्याख्या ठरवली आहे. चित्रात काही घालायचे नाही, हलवायचे नाही आणि कातरण्याखेरीज कोणत्याही मार्गाने काही काढायचे नाही. चित्रबलाकामागची विजेची तार खोडली की फोटो बाद. फोटोशॉपची मोठी ताकद थर लावण्यात, खोडण्यात, जोडण्यात आणि अलीकडे एआयकडून नवे काही भरून घेण्यात आहे, आणि ती सगळी इथे निषिद्ध. पक्ष्यांच्या फोटोला लागते ते एवढेच: धुक्यातल्या सकाळी आयएसओ ३२०० च्या पुढे गेल्यावर दिसणारे दाणे कमी करणे, पिसांना धार आणणे, उजेड-सावली सावरणे आणि कातरणे. हे काम रॉ डेव्हलपरचे, म्हणजे रॉ फाइल उघडून सावरणाऱ्या सॉफ्टवेअरचे, आणि तो फुकट मिळतो.

तोही बहुतेकांना आधीच मिळालेला असतो. निकॉनने मार्च २०२१ मध्ये एनएक्स स्टुडिओ आणला. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल तर त्याहून कितीतरी जुने. सोनीचे इमेजिंग एज आहेच. कॅमेरा घेतला की हे सारे कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. कॅनन कधी कधी कॅमेऱ्याचा अनुक्रमांक विचारते, तेवढेच. आपल्या लेन्सचे दोष कंपनीइतके कुणाला ठाऊक नसतात आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेला रंग पहिल्याच झटक्यात इथे दिसतो. ही सॉफ्टवेअर संथ आहेत, दिसायला रुक्ष आहेत आणि दुसऱ्या कंपनीच्या फाइलला दारातही उभे करत नाहीत. तरी नवख्याने पहिले वर्ष यांवरच काढावे.

त्यापुढची पायरी म्हणजे डार्कटेबल आणि रॉथेरपी. दोन्ही मुक्त, दोन्ही मोफत. रॉथेरपी बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथने लिहायला घेतली आणि २०१० मध्ये तिचा कोड सर्वांना खुला केला. धार आणणे आणि दाणे घालवणे यात ती फार बारकाईने काम करते. डार्कटेबल २००९ पासून आहे, विंडोजवर मात्र २०१७ च्या अखेरीस आले. वर्षाला दोन आवृत्त्या, एक उन्हाळ्यात आणि एक नाताळच्या सुमारास, हा नेम त्यांनी सांभाळला आहे.

डार्कटेबलची खरी गरज पावसाळी मंडळींना. जुलैत हरिहरच्या उभ्या पायऱ्या, अंजनेरी, ब्रह्मगिरी असे फिरणाऱ्याच्या फ्रेममध्ये वर पांढरेफटक ढग आणि खाली काळाभोर कातळ असतो. आभाळ सावरावे तर कातळ बुडतो, कातळ उजळावा तर आभाळ फाटते. म्हणून दोघांवर वेगवेगळे काम करावे लागते. डार्कटेबलमध्ये आकार काढून निवड करता येते, तशी ठरावीक रंगाच्या किंवा ठरावीक उजेडाच्या भागाचीही करता येते. ढगांच्या कडा हाताने गिरवत बसावे लागत नाही. अडचण पहिल्या दिवशी येते. रॉ उघडली की फोटो मळकट दिसतो आणि माणूस सॉफ्टवेअर काढून टाकतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नसतो, कॅमेरा पडद्यावर आधीच रंगवलेला जेपेग दाखवत असतो. डिसेंबर २०२४ च्या ५.० आवृत्तीत पाचशेहून अधिक कॅमेऱ्यांच्या तयार शैली आल्या. आपल्या कॅमेऱ्याची शैली लावली की फोटो जेपेगच्या जवळ जातो आणि निम्मी चिडचिड संपते. उरलेली निम्मी शंभरेक मोड्यूलांची नावे पाहून होते. त्यातली सात-आठ शिकावीत, बाकीच्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना लॅपटॉप मात्र इथे धापा टाकतो.

मग पैसे देऊन घ्यायचेच नाही का? तसे नाही. अडोबीच्याच लाइटरूमची एप्रिल २०२३ मध्ये आलेली एआयची दाणे घालवण्याची सोय अंधारातल्या फ्रेमला खरोखर जीव देते. दर आठवड्याला शेकडो फोटो हातावेगळे करणाऱ्याचा त्यात वेळ वाचतो. पण २०१३ मध्ये अडोबीने भाड्याचा मार्ग धरला, तेव्हापासून हिशेब बदलला. हौशी लोकांत लोकप्रिय असलेली, अमेरिकेत महिना ९.९९ डॉलरची २० जीबीची योजना जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना बंद झाली. जाहिरातीत महिन्याचा आकडा दिसतो. त्याला साठने गुणून पाच वर्षांचा काढावा आणि मग बोलावे. याहून मोठा प्रश्न भाडे थांबवल्यावरचा. लाइटरूम क्लासिकमध्ये भाडे संपल्यावर फोटो पाहता येतात, निर्यात करता येतात, पण डेव्हलप विभागाला कुलूप लागते. वर्षानुवर्षांची मेहनत ज्या कॅटलॉगमध्ये आहे, तो दुसऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. डार्कटेबलचे बदलही दुसरीकडे जात नाहीत हे खरे. फरक इतकाच की तिथे कुलूप लावणारा मालक नाही. भाड्यानेच राहायचे असेल त्याने निदान निवडक फोटोंची १६ बिटची टिफ प्रत दरसाल बाजूला काढून ठेवावी.

फुकट आहे म्हणून विश्वास टाकावा, असेही नाही. गूगलने पिकासा २०१६ मध्ये गुंडाळला. त्याच वर्षी फोटोंना फिल्टर लावणारे निक कलेक्शन मोफत केले आणि पुढच्या वर्षी डीएक्सओला विकून टाकले. आता ते पैसे देऊन घ्यावे लागते. कॅप्चर वनने आपली मोफत एक्स्प्रेस आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद केली. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचे फोटो संपादनाचे अफिनिटी एकदाच पैसे मोजून मिळायचे. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी मोफत केले, खाते उघडण्याच्या आणि एआयसाठी वेगळे पैसे देण्याच्या अटीवर. सॉफ्टवेअर उत्तम आहे, जरूर वापरावे. पण कंपनीने दिलेले फुकट तिच्या मर्जीवर असते. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला जिम्प मात्र कुणाच्या मर्जीवर नाही. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत त्याला मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावणे जमू लागले. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षे का लागावीत, असे कुणी विचारले तर त्याचे चुकले म्हणता येणार नाही.

१९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणण्यासाठी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायनांपर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच उरकत. फोटो काढल्यानंतरचे निम्मे काम घरी होते, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. आता त्यासाठी काही गहाण टाकावे लागत नाही, इतकेच.

फोनवर फोटो काढणाऱ्यांना तर फारच थोडे पुरते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणाऱ्याचा फोटो त्याच मिनिटाला धाडायचा असतो, तिथे रॉचा घोळ कशाला? स्नॅपसीड मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि नारोशंकर किंवा काळारामाच्या मंदिराच्या फोटोतल्या मागे झुकलेल्या रेषा ते चटकन सरळ करते.

फोटोवर मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी, म्हणजे मंडळांचे कार्यकर्ते आणि शुभेच्छांची पोस्टर करणारे यांनी, सॉफ्टवेअर ठरवण्याआधी त्यात 'त्र्यंबकेश्वर' टाइप करून पाहावे. जिम्पमध्ये ते नीट उमटते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. अफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटी होऊन विखुरतात. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि ती फुकट आहे.

आणि वाचलेल्या पैशांतून आधी हार्ड डिस्क घ्यावी, एक नव्हे दोन, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी. फोटो सांभाळायला डिजीकॅम आहे, तेही मोफत. पक्ष्याचे नाव, गाव, तारीख टॅगमध्ये लिहून ठेवले तर तीन वर्षांनी क्रौंच शोधता येतो. उरलेल्या रकमेत वर्षातले बारा फोटो छापून घ्यावेत. लॅबला देताना एसआरजीबीमध्ये द्यावेत, आणि लॅबवाल्याला आधीच बजावावे की "तुमचं ऑटो करेक्शन बंद ठेवा."