सत्तर टक्क्यांचं सोवळं

मी सिगार ओढत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा मजकूर वाचून काही वाचकांच्या डोळ्यांसमोर रेशमी गाऊन घालून आरामखुर्चीत धूर सोडणारा इसम उभा राहील. आणि मी तर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, बनियनवर बसून हे लिहितो आहे. तंबाखूनं काय होतं हे मलाही ठाऊक आहे. आमच्या बँकेसमोरच्या पानपट्टीवर टांगलेल्या प्रत्येक पाकिटावर ते चित्रासकट छापलेलं असतं. तरीही गेल्या वर्षी मे महिन्यात पंचवीस हवाना सिगार माझ्या घरी मुक्कामाला आले, आणि तेव्हापासून या विषयावर माझं मत आहे. मत कसलं, भांडणच आहे.

त्याचं असं झालं. माझा थोरला भाऊ बोटीवर इंजिनियर. तीस वर्षं त्यानं इंजिनरूममध्ये काढली. वडील गेले तेव्हा दादा समुद्रावर, माझं लग्न झालं तेव्हाही दादा समुद्रावर. लग्नाला तो तारेच्या रूपानं हजर होता. या तीस वर्षांत त्यानं आणून दिलं पुष्कळ, मागितलं कधी काही नाही. गेल्या मे महिन्यात शेवटच्या कंत्राटावर निघताना त्यानं ती पेटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "हे सांभाळ. कायमचा उतरलो, की तुझ्या गॅलरीत बसून पहिला ओढीन. तू बँकेतला माणूस, ठेवी सांभाळणं हा तुझा धंदाच आहे."

ठेव स्वीकारली. पण ही ठेव अशी, की तिच्यावर व्याज नाही आणि मुद्दलालाच बुरशी लागते.

आमच्या शाखेत एक जाणकार आहेत. प्रत्येक शाखेत असतात. आमचे जाणकार कर्जविभागात बसतात आणि बारा दिवसांत युरोप बघून आलेले आहेत. त्यांना मी सहज विचारलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं (कर्जदार समोर असताना ते कधी ठेवत नाहीत) आणि दोनच शब्द उच्चारले, "सत्तर-सत्तर." म्हणजे सत्तर टक्के आर्द्रता आणि सत्तर अंश फॅरनहाइट उष्णता. इंचभर इकडे नाही, इंचभर तिकडे नाही. त्यासाठी ह्युमिडॉर नावाची लाकडी पेटी हवी. आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर हवं. झाकणाला स्पंज हवा, स्पंजाला पाणी हवं, आणि ते पाणीसुद्धा डिस्टिल्ड हवं. आमच्या आजीचं सोवळं परवडलं. तिला निदान नळाचं पाणी चालत असे.

मी बी. कॉम. आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सलोख्यानं संपला. तेव्हा जाणकारांनी सांगितलं ते सगळं मुकाट्यानं घेतलं. पेटी घेतली, काटावाला हायग्रोमीटर घेतला, बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली घेतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, मी दार-खिडक्या लावून त्या स्पंजाला चमच्याचमच्यानं पाणी पाजत होतो. ही दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, बाहेर गॅलरीत ठेवा ना, फुकट भिजेल."

मी हसलो. जाणकाराचा शिष्य हसतो तसा.

पंधरा दिवस काटा बहात्तरावर होता. मी रोज ऑफिसात आकडा कळवायचा आणि जाणकारांनी मान डोलवायची. सोळाव्या दिवशी झाकण उघडलं तर तीन सिगारांवर पांढरी लव. मी घाबरून फोटो नेऊन दाखवला. जाणकार म्हणाले, "वा! याला ब्लूम म्हणतात. सिगार मुरल्याची खूण." आता मी माणूस भित्रा असलो तरी ओल आलेल्या भिंतीच्या चाळीत लहानाचा मोठा झालो आहे. पावसाळ्यात चामडी चपलेवर येतं ते आणि लोणच्याच्या बरणीच्या कडेला धरतं ते मला नीट ओळखता येतं. त्याला इंग्रजी नाव दिल्यानं ते बुरशी असायचं थांबत नाही. तीन सिगार फेकले. कॅश शॉर्ट आली की कॅशियरचं जे होतं ते त्या रात्री माझं झालं. फरक एवढाच, की इथे खिशातून भरून देण्याची सोय नव्हती.

पण काटा बहात्तर दाखवत होता, मग बुरशी आली कुठून? हा प्रश्न हिनं सोडवला, आणि तोही आमटीत मीठ घालता घालता. "काय सत्तर-बहात्तर घेऊन बसलात! मिठाला पाणी सुटलंय बघा."

वाचकहो, या एका वाक्यात जे शास्त्र आहे ते कळायला मला पुढे आठ दिवस वाचन करावं लागलं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. (खडेमीठ त्याच्याही आधी, त्यात इतर क्षार असतात.) उलट, बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की डब्यातली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. जगभरचे सिगारवाले हायग्रोमीटर तपासतात ते याच युक्तीनं. बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर थेंबभर पाणी, शेजारी हायग्रोमीटर, आणि सगळं रात्रभर घट्ट डब्यात. सकाळी काट्यानं पंचाहत्तर दाखवायला हवं. माझ्यानं दाखवलं सदुसष्ट. म्हणजे पंधरा दिवस मी ज्याला बहात्तर समजून मान डोलवून घेत होतो ते ऐंशी होतं. चुकीच्या ओपनिंग बॅलन्सवर अख्खा महिना लेजर लिहिल्यासारखं झालं. आणि खरा आकडा चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीत रोज दिसत होता!

इथून माझं जाणकारांशी भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं असं, की हे सत्तर-सत्तर ज्यांचं आहे त्यांचं त्यांना लखलाभ. ते थंड देशातलं आहे. तिकडे हिवाळ्यात बाहेरची हवा शून्य अंशावर. गार हवेत पाणी मावतच थोडं; घनमीटरला पाचेक ग्रॅम. तीच हवा घरात घेऊन एकवीस अंशाला तापवली की तिची पाणी धरायची ऐपत अठरा ग्रॅमवर जाते, पाणी मात्र तेच पाच ग्रॅम. बँकेच्या भाषेत सांगायचं तर लिमिट वाढवून मिळाली, उचल तेवढीच राहिली. आर्द्रता पंचवीस-सव्वीस टक्के. अशा घरात सिगार तडकणारच. त्याला पाणी पाजा, डिस्टिल्ड पाजा, गंगाजल पाजा. पण जुलैत मुंबईच्या हवेची सरासरीच ऐंशीच्या वर असते. इथे स्पंज भिजवणं म्हणजे बुडणाऱ्याला तांब्याभर पाणी देणं. शिवाय सत्तर फॅरनहाइट म्हणजे एकवीस अंश सेल्सिअस. डोंबिवलीत एकवीस अंश जानेवारीत पहाटे येतात आणि लोक उठायच्या आत जातात.

बरं, ही वस्तू तरी कुठली? क्यूबातली. हवाना कर्कवृत्ताच्या थोडं खाली, मुंबईही खालीच. समुद्र, घाम आणि दमट हवा तिथेही. म्हणजे सिगार जन्मानं आपल्यासारखाच दमट मुलखातला, आणि त्याला सांभाळायचे नियम मात्र शेकोटीशेजारी बसलेल्यांचे! त्या स्पॅनिश सीडरचं तर काय सांगावं. ते मूळचं स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. ते अमेरिका खंडातलं झाड, आणि वनस्पतिशास्त्रात त्याचं कूळ आपल्या कडुलिंबाचं. त्याच्या वासानं कीड दूर राहते म्हणून त्याचं एवढं स्तोम. आमच्या घरी तांदळाच्या पिंपात कडुलिंबाचा पाला घालतात, त्याला कोणी पेटीचे पैसे लावत नाही. आणि ती कीड? सिगारला भोकं पाडणारा तो तपकिरी भुंगा हळदीत, मिरचीत, धण्यांतही होतो. हिनं तो पाहिल्याबरोबर जुनी ओळख असल्यासारखं नाक मुरडलं. उष्मा पंचविसाच्या वर राहिला की त्याचं फावतं. त्यावर उपाय म्हणजे सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. आमच्याकडे ते तीन दिवस मटारांना शेजारी राहावं लागलं, एवढीच तक्रार.

हे सगळं मी जाणकारांपुढे मांडलं. ते म्हणाले, "पण पद्धत म्हणून काही असतं." माझी बहीण नागपूरला असते, मे महिन्यात दुपारी तिच्याकडे पापड उन्हात टाकायचा अवकाश, वाळून खडखडतो. तिनं सिगार ठेवले तर तिला स्पंज भिजवावाच लागेल, हे मी कबूल करतो. एकाच राज्यात दोन हवा, आणि यांची पद्धत मात्र एकच!

अखेर हिच्या पद्धतीनं झालं. पापडाचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. त्यात सिगारांच्या मूळ खोक्यातल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या घातल्या, आणि पासष्ट टक्क्यांची एक पुडी. या पुड्या विकत मिळतात. आत क्षाराचं दाट द्रावण असतं, वर पाण्याची वाफ जाऊ देणारं पण गळू न देणारं आवरण; हवा ओली झाली की पुडी ओल पिते, सुकली की सोडते. (म्हणजे फिरून मिठाचीच भावंडं.) डबा स्वयंपाकघरापासून लांब, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत, कपाटाच्या तळाला. ऊठसूट उघडायचा नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, होळी गेली. बावीसच्या बावीस जसेच्या तसे. बोटांत हलकेच दाबला तर किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. डब्यावर हिनं पट्टी चिकटवली आहे, "भावजींचे. तळू नयेत."

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. पुढच्या महिन्यात उतरतो म्हणाला. मी तीन कमी भरल्याचं सांगून टाकलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गॅलरीत दोन खुर्च्या मावतील ना?"

रविवारी जाणकार घरी आले होते. चहा घेताना त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "ह्युमिडॉर कुठं ठेवलाय?" ही आत गेली आणि ती पेटी घेऊन आली. झाकण उघडलं. आत वेलदोडे, जायफळ आणि केशराची डबी.

"लाकडाला वास छान आहे हो," ती म्हणाली.