नळी आणली, किबुत्झ तिथेच राहिला

जळगावात ‘इस्रायलसारखी शेती’ हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. पुढाऱ्याच्या भाषणात, कृषी प्रदर्शनात, टपरीवरच्या गप्पांत. आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ एकच असतो: ठिबकची नळी. हा अर्थ अर्धवट आहे आणि तो आपल्याला महागात पडतोय.

ठिबक जगभर पोहोचवणारी नेटाफिम 1965 मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झात सुरू झाली. किबुत्झ म्हणजे शेत, गोठा, कारखाना, जेवणघर सगळं सामाईक असलेली वस्ती. पहिली वस्ती, देगानिया, 1910 ची. पुढे 2007 मध्ये आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनने नान आणि दान या किबुत्झांच्या सिंचन कंपनीत निम्मा वाटा घेतला.

नळी आली, पण तिच्यामागचा नियम आला नाही. इस्रायलमध्ये 1959 च्या कायद्याने पाणी सार्वजनिक मालकीचं आहे. स्वतःच्या शेताखालचं पाणीही मनाला येईल तितकं उपसता येत नाही. आपल्याकडे ज्याची जमीन, त्याचं पाणी. महाराष्ट्रात 2009 चा भूजल कायदा आहे, पण बोअर मारताना तो कुणाला आठवतो? रावेर-यावलमध्ये ठिबकने वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही, त्यावर आणखी केळी लागते. शेजाऱ्याची बोअर खोल गेली की माझी त्याहून खोल.

किबुत्झांची आरती ओवाळायचं कारण नाही. त्यातले कित्येक पॅलेस्टिनी विस्थापितांच्या जमिनीवर उभे आहेत आणि बहुतेकांनी समान मोबदल्याची पद्धतही सोडली आहे. पण पाणी एकट्याचं नसतं, हे तरी शिकायला हरकत नव्हती.

‘आपल्याकडे सामाईक काही टिकत नाही, भाऊबंदकी आडवी येते,’ असं म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहावं. या आदिवासी पाड्याने 1990 च्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतः राखलंय. तोडीवर बंदी, मोडली तर दंड, आणि पाणी अडवायला गावाचं श्रमदान. पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. हे शिकायला तिथून कुणी तेल अवीवला गेलं नव्हतं.

म्हणून ठिबकचं अनुदान देताना एक अट घाला: गावात बोअर किती, किती खोल आणि केळी किती एकर, हे आधी ग्रामसभेत ठरू द्या. आणि पुढचा अभ्यासदौरा काढायचाच असेल, तर विमान नको. साक्रीची एसटी पकडा.