न दिलेले घेणे



आपण त्रिशरण-पंचशील स्वीकारले आहे. त्यातील दुसरे शील सांगते की, जे दिलेले नाही ते घेऊ नये. त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. केवळ रात्री घर फोडणाऱ्या चोरापुरतेच हे शील नाही. मालकाने आपखुशीने दिलेले नसता जो घेतो तो दोषी, मग घेतल्याचे मालकास कळो वा न कळो. हे शील आज एका नव्या बाबतीत आठवणे अगत्याचे झाले आहे. ती बाब म्हणजे आपल्या खिशातील मोबाईल आपल्याविषयी गोळा करीत असलेली माहिती.

आपण एखादे ॲप उतरवून घेतो. ते आपले संपर्क, छायाचित्रे आणि आपण कोठे आहो ते ठिकाण पाहण्याची परवानगी मागते. पुष्कळदा त्या ॲपच्या कामाशी या गोष्टींचा काडीचाही संबंध नसतो. तरीही आपण घाईत ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवतो. तेव्हापासून आपण कोठे गेलो, काय विकत घेतले, काय वाचले याची टिपणे होत राहतात. ती एकत्र करून माणसाचे एक चित्र तयार केले जाते आणि ते जाहिरातदारांना व इतरांना विकले जाते.

यात आपल्या समाजाने विशेष सावध का राहावे? गावात आपली जात कोणाला विचारावी लागत नसे. घर गावकुसाबाहेर आहे, एवढ्यावरून ती कळत असे. घराचे ठिकाण हाच जातीचा दाखला होता. आज तीच गोष्ट निराळ्या रूपाने परत येत आहे. अशोक विजयादशमीस जो मोबाईल नागपूरच्या दीक्षाभूमीवर असतो आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर असतो, त्याच्या मालकाची जात संगणकाला वेगळी विचारावी लागत नाही. भाड्याने खोली मागताना आडनाव ऐकून दार बंद झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तेव्हा दार बंद करणारा निदान समोर दिसत असे व त्याला जाब विचारता येत असे. नोकरीचा अर्ज वा कर्जाची मागणी यंत्राने बाजूला सारली, तर कशाच्या आधारे सारली हे अर्जदारास कळणारही नाही.

काही बांधव म्हणतात, “आपण तर लाखोंच्या साक्षीने धर्मांतर केले. धर्मबदल राजपत्रात छापून आणतो. मग लपवायचे काय?” प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात गल्लत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या लोकांनी आपण कोण हे स्वतःच्या मुखाने जगास सांगितले. ते सांगणे त्यांचे स्वतःचे कर्म होते. जे मी सांगेन ते माझे. जे माझ्यामागे कोणी टिपून घेईल ती माझी लूट आहे. खासगीपण म्हणजे लपवाछपवी नव्हे. आपल्याविषयी कोणाला, काय आणि कशासाठी सांगावे हे ठरविण्याचा तो अधिकार आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, हा मूलभूत हक्क त्यात त्यांनी मागितला होता. संविधानात तो या स्वरूपात आला नाही. १९५४ व १९६२ सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेही खासगीपणाचा हक्क मानला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरविला. बाबासाहेबांच्या मागणीतील कागदपत्रे आज मोबाईलमध्ये असतात, एवढाच काय तो फरक!

यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती स्पष्ट व मोकळेपणाने दिलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे, आणि संमतीची विनंती मराठीतही वाचता यावी, असे तो सांगतो. माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क तो देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले.

तथापि या कायद्यातील एक मोठी उणीव आपण ओळखली पाहिजे. २०१९ च्या विधेयकात जात, जमात व धार्मिक श्रद्धा यांची माहिती ‘संवेदनशील’ मानून तिला अधिक संरक्षण दिले होते. ते विधेयक २०२२ साली मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या कायद्यात हा वर्गच उरला नाही. ज्या देशात जातीवरून माणूस मारला जातो, त्या देशाचा कायदा जातीची माहिती आणि चपलेचे माप एकाच पंक्तीस बसवितो! शिवाय केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेस या कायद्यातून सूट देऊ शकते. याविरुद्ध आपल्या संघटनांनी आवाज उठविला पाहिजे.

याचा अर्थ आपण कोठेच नोंद करू नये असा मुळीच नाही. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देऊन बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे स्वतंत्र अस्तित्व मांडले. नोंद नसेल तर हक्कही नाही. २०२७ च्या जनगणनेत जातींची मोजदाद करण्याचे सरकारने ठरविले आहे. तेथे धर्म बौद्ध आणि आपली जात निःसंकोच सांगावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या आहेत, आणि १९४८ चा जनगणना कायदा ही वैयक्तिक उत्तरे गुप्त ठेवण्याची हमी देतो. उलट आधारसाठी जात वा धर्म विचारण्यास २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई आहे. कोठे सांगावयाचे आणि कोठे नाही, हा विवेक आपण बाळगावा.

म्हणून काही गोष्टी घरोघरी अमलात आणा. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत द्या. जातीचा दाखला अनोळखी दलालाच्या मोबाईलवर पाठवू नका. दुकानदार मोबाईल क्रमांकासाठी अडून बसला तर नकार द्या. तशी सक्ती करू नये असे ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ सालीच कळविले आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली तर ते तत्काळ काढून टाका. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली त्यास बंदी घातली आहे. अशा याद्या वापरून कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन करणे व त्याची अब्रू काढणे हा या लोकांचा धंदा आहे. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर कळवा. आणि विहारातील रविवारच्या सभेत शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांचे मोबाईल हाती घेऊन, कोणत्या ॲपला कोणती परवानगी दिली आहे ते त्यांना समजावून सांगावे.

बंधुभगिनींनो, शतकानुशतके आपण कोण हे दुसऱ्यांनी ठरविले. धम्म स्वीकारून आपण तो अधिकार परत घेतला. तो अधिकार एका बोटाच्या स्पर्शाने पुन्हा परक्याच्या हाती देऊ नका. न दिलेले आपण घेणार नाही, ही प्रतिज्ञा आपण केलीच आहे. न दिलेले कोणास घेऊही देणार नाही, हा निर्धार आता करू या.

जय भीम!