पॅकेज नंतर सांगा, आधी व्हिसा सांगा

‘मुलगा अमेरिकेत आहे, एक लाख वीस हजार डॉलरचं पॅकेज आहे.’ स्थळं सुचवणाऱ्या मावशींपासून परदेशी शिक्षणाची दुकानं मांडून बसलेल्या कन्सल्टंटपर्यंत सगळे हे वाक्य एकाच चालीत म्हणतात. ऐकणारा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतो आणि गप्प होतो. माझं म्हणणं इतकंच की हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या व्हिसावर, हे त्यात सांगितलेलं नाही. ते कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही ठरवू नये.

मी पुण्यात बसून अमेरिकेत राहणाऱ्यांचे टॅक्स रिटर्न तयार करते. जानेवारी ते १५ एप्रिल आमचा सीझन. तिकडच्या १०४० या नेहमीच्या फॉर्मवर ‘तुमचा व्हिसा कोणता’ असं विचारत नाहीत. पगार किती, व्याज किती, लाभांश किती, धंद्यातून किती, भाड्यातून किती, अशा ओळी असतात. पण कुठल्या ओळी भरल्यात आणि कुठल्या रिकाम्या आहेत, यावरून माणूस कुठल्या व्हिसावर आहे याचा अंदाज बऱ्याचदा येतो. व्हिसा नुसतं देशात येऊ देतो असं आपण समजतो. खरं तर कुठल्या मार्गाने कमवायचं आणि पगारावर कितपत भांडायचं, हेही तोच ठरवतो.

सुरुवात विद्यार्थ्यांपासून करू, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यात तोच बेत असेल. एफ-१ व्हिसावर शिकताना सत्र चालू असेल तेव्हा कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेर देसी हॉटेलात रोखीने भांडी घासली तर तो नियमभंग. मालकालाही हे ठाऊक असतं, म्हणूनच तो दर पाडतो आणि पोरगं तक्रार करू शकत नाही. शिक्षण संपलं की ओपीटी मिळते, म्हणजे बारा महिने काम करायची परवानगी. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी २४ महिने.

या पहिल्या बारा महिन्यांतला एक नियम मला फार बोलका वाटतो. एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. मात्र बिनपगारी काम चालतं. म्हणजे फुकट राबलात तर तुम्ही नियमात, आणि योग्य पगाराची वाट बघत थांबलात तर नियमाबाहेर. डोक्यावर चाळीस लाखांचं कर्ज असलेला मुलगा यातलं काय निवडेल?

आता त्याच ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर एच-१बी वाला बसलेला आहे असं धरा. दोघांचे डब्ल्यू-२, म्हणजे तिकडचे फॉर्म १६, शेजारी ठेवा. ओपीटीवाल्याच्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या चौकटी सहसा रिकाम्या असतात, कारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं विद्यार्थ्याला ती कपात लागत नाही. एच-१बीवाल्याच्या पगारातून ६.२ आणि १.४५ टक्के कापले जातात. तेवढीच रक्कम कंपनीलाही भरावी लागते. त्यामुळे काम एकच असलं, पगार एकच असला, तरी कंपनीला एक माणूस ७.६५ टक्क्यांनी स्वस्त पडतो.

जी कपात होते तिचं पुढे काय होतं? सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे सरकली नाही तर एच-१बीची मुदत सहा वर्षं. सहा वर्षं पैसे भरून परत आलेल्या माणसाच्या हाती त्यातलं काही लागत नाही. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर हे टाळता येतं. भारताने जर्मनीसह अनेक देशांशी असे करार केलेत. अमेरिकेशी नाही. आपल्या टीव्हीवर एच-१बीच्या नावाने इतका आरडाओरडा होतो, त्यात हा विषय कधी ऐकलाय तुम्ही?

‘पण एच-१बीला किमान पगाराचं संरक्षण आहे ना?’ आहे. चार पायऱ्या आहेत. मात्र पहिली पायरी कुठे ठेवलीय ते बघा. त्या भागात ते काम करणारे शंभर लोक पगाराच्या क्रमाने उभे केले, तर खालून सतराव्या माणसाचा पगार ही पहिली पायरी. दुसरी खालून चौतिसाव्या माणसाची. बरोबर मधल्या माणसाचा पगार तिसऱ्या पायरीवर येतो. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२० साली दाखवून दिलं की एच-१बीसाठी मंजूर झालेल्या जागांपैकी ६० टक्के जागा पहिल्या दोन पायऱ्यांवर होत्या. कंपनी त्याहून जास्त पगार देऊ शकते, अनेक कंपन्या देतातही. पण कायदा तिला कमी द्यायची मुभा देतो, हे खरंच.

बरं, पगार कमी वाटला तर नोकरी बदलावी. बदलता येते. फक्त नव्या कंपनीने पुन्हा अर्ज करायचा, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर त्याचेही बरेचसे कागद नव्याने करायचे. आणि नोकरी गेलीच तर ६० दिवस. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, दुसरा व्हिसा मिळवायचा किंवा पोराला शाळेतून काढून, घर आवरून विमानात बसायचं. ज्याच्या डोक्यावर ६० दिवसांचं घड्याळ टांगलंय तो साहेबासमोर बसून पगारवाढीसाठी किती ताणून धरेल?

खरी मेख मात्र पगाराच्या ओळीच्या खाली आहे. एच-१बीवाला फक्त ज्याने अर्ज केला त्या कंपनीसाठीच काम करू शकतो. शनिवारी पैसे घेऊन तबला शिकवायचा नाही. त्याची बायको एच-४ वर असेल तर तिला मुळात कामच करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा एक टप्पा मंजूर झाला असेल तर ती परवाना मागू शकते, तेही मे २०१५ पासून. रिटर्नच्या शेवटी सहीशेजारी व्यवसाय लिहायचा असतो. इंजिनिअर, डेंटिस्ट, वकील बायकांच्या नावापुढे ‘गृहिणी’ टाईप करताना दर सीझनला माझी बोटं अडखळतात.

तिने पोळीभाजीचे डबे देऊन शंभर डॉलर कमावले तर तो व्हिसाचा भंग. तिच्या नावावरच्या शेअरचा हजार डॉलर लाभांश आला तर तो कायदेशीर. ती ओळ मी निर्धास्तपणे भरते. म्हणजे पैशाने पैसा मिळवायला परवानगी लागत नाही, हातांनी मिळवायला लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर हे उघडच झालं. नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, त्याच दिवशी दहा लाख डॉलर देणाऱ्यांसाठी ‘गोल्ड कार्ड’चा आदेशही निघाला. आपल्याकडे पहिल्या बातमीवर गदारोळ झाला. दुसरीवर व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरले. खरं तर दोन्ही मिळून ती एकच बातमी होती.

आता आखात. ‘तो विषय वेगळा’ असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. रत्नागिरी-चिपळूणकडचा वेल्डर दुबईला जातो तेव्हा त्याला कोणी ‘एनआरआय’ म्हणत नाही. पण हिशोब तोच, फक्त जास्त उघडा. दहावी न झालेल्यांना अशा देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी लागते, आणि त्यांच्यासाठी किमान पगार भारत सरकारच ठरवतं. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून आपल्याच सरकारने हे आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. जुलै २०२१ मध्ये ते पूर्ववत झाले. मधल्या दहा महिन्यांत ना त्या वेल्डरचं कौशल्य घटलं ना तिथलं ऊन. आणि २०२१ साली कतारने एक हजार रियालचा किमान पगार सगळ्या देशांच्या कामगारांना सारखाच लागू केला, तेव्हा पासपोर्ट बघून किमान मजुरी ठरवण्याची काही गरज नसते, हेही दिसलं.

इथे हमखास एक उत्तर येतं: ‘तरीही इथल्यापेक्षा जास्तच मिळतं ना? मग रडता कशाला?’ जास्त मिळतं, मान्य. एच-१बीवाले गरीब आहेत असं मी म्हणत नाही, त्यांचे रिटर्न मीच भरते. पण तुलना नेहमी मागे राहिलेल्या भावाशीच का करायची? शेजारच्या खुर्चीवर तेच काम करणाऱ्याशी का नाही? ‘इथल्यापेक्षा बरं’ या एका वाक्यावर जगातले सगळे ठेकेदार श्रीमंत झालेत.

माणसाला मोकळं सोडलं तर काय होतं, याची एक खूण ऑस्ट्रेलियात सापडते. तिथल्या सांख्यिकी विभागाने २००९-१० सालच्या कराच्या नोंदी स्थलांतरितांच्या व्हिसाच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. कौशल्याच्या व्हिसावर आलेल्यांची कमाई निर्वासितांपेक्षा जास्त होती, हे अपेक्षितच. पण उत्पन्नातला स्वतःच्या धंद्याचा वाटा निर्वासितांमध्ये जास्त निघाला, आणि पाच वर्षांनंतर तो धंदा झपाट्याने वाढलेला दिसला. भाषा नाही, ओळखी नाहीत, बऱ्याचदा कागदपत्रंही नाहीत. नोकरीचे दरवाजे बंद असल्यामुळेही अनेक जण धंद्यात उतरले असतील. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती: मानवतावादी व्हिसावर बोलावून घेतलेल्यांना आल्या दिवसापासून कायम राहायचा आणि हवं ते काम करायचा हक्क असतो. आपल्या आयआयटीवाल्याला ती मुभा वीस-वीस वर्षं मिळत नाही.

म्हणून ‘मेरिट, मेरिट’ म्हणत आखातातल्या वेल्डरकडे आणि हॉटेलात रोखीवर राबणाऱ्या पोराकडे नाक मुरडणाऱ्या माझ्या क्लायंट मंडळींना एक सांगायचंय. तुम्ही तिघे एकाच शिडीवर उभे आहात आणि शिडी धरून ठेवणारे हातही एकाच जातीचे आहेत. तुमची पायरी वरची असेल. पण वेल्डरचा पगार त्याच्या हातांवर ठरत नाही तसा तुमचाही निव्वळ डोक्यावर ठरत नाही.

आणि तुम्ही, जे अजून इथेच आहात आणि बँकेत कर्जाचा फॉर्म भरताय, तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा. पण कन्सल्टंट पॅकेजचा आकडा दाखवेल तेव्हा त्याला विचारा: हा पगार कुठल्या व्हिसावरचा? नोकरी गेली तर किती दिवस? दुसरं काम करता येईल का? जोडीदाराला करता येईल का? जी कपात होईल ती परत कधी मिळेल? त्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो तुम्हाला अर्धाच आकडा विकतोय आणि फी मात्र पूर्ण घेतोय.