नाताळचा तारा आणि खुराड्यातला दिवा



हरभरा फुलोऱ्यात आला, ज्वारी पोटरीत आली, की आमच्या घरी नाताळची चाहूल लागते. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आमच्यासारखी ख्रिस्ती शेतकरी घरे गावोगावी आहेत. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्याचा अर्थ जन्म. पण आमचा फराळ मात्र तुमच्या दिवाळीचाच: करंजी, चकली, शंकरपाळे. त्यात वसईकडच्या एका मैत्रिणीने शिकवलेल्या कुलकुलांची भर पडली. मैदा नारळाच्या दुधात घट्ट मळायचा, बोराएवढी गोळी नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. यात अंडे लागत नाही. ते का सांगते, ते पुढे येईलच.

आधी ताऱ्याचे सांगते, म्हणजे मुले आजच कामाला लागतील. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांचा एक, असे पाच टोकांचे दोन तारे सुतळीने बांधा. ते एकावर एक ठेवून पाचही टोके घट्ट जखडा. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींवरून जातात, तिथे चार-चार बोटांच्या पाच काड्या आडव्या अडकवा. तारा आपोआप फुगतो. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवा. मागे हात जाईल एवढी जागा ठेवा. आत छोटा एलईडी दिवा सोडा, मेणबत्ती नको.

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी नाताळला अंडी जास्त हवीत म्हणून आठवडी बाजारातून चार कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या तेरा कोंबड्यांत सोडल्या. सहाव्या दिवशी एक चोच उघडून श्वास घेऊ लागली. हिरवट पातळ विष्ठा, पंख गळालेले, मग मान पिळवटलेली. डॉक्टर म्हणाले, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. एकदा लागण झाली की औषध नाही, आधी दिलेली लस हाच उपाय. आणि लस तर मी टाळली होती. आठ दिवसांत सतराच्या सतरा गेल्या. मागल्या बांधाला खोल खड्डा करून, चुना टाकून पुरल्या.

अंड्यांचे पैसे मी पत्र्याच्या डब्यात साठवत होते. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला होता, तो त्यातून दुरुस्त व्हायचा होता. डबा अर्धाच भरला होता, तोही किराण्यात गेला. केक राहिला. मी चुलीपाशी डोळे पुसत बसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोंबड्या गेल्या, आपले गळे नाही गेले."

आमच्याकडे नाताळची गाणी भजनाच्या चालीवर म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपली मराठी भजने-कीर्तने देवळात आणली. त्याआधी 1616 साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, तेही ओव्यांत. त्या वर्षी आम्ही नुसत्या ढोलकी-टाळांवर घरोघर गेलो. पेटी नसल्याने पोरांनी सूर फार वर धरला, चौथ्या घरी सगळ्यांचे आवाज बसले. शेजारच्या काकूंनी गूळ-सुंठीचे पाणी दिले, म्हणून पाचवे घर झाले.

काकूंनी आणखीही केले. मी खुराडे खरवडून, चुन्याने सारवून, उन्हात दीड महिना रिकामे ठेवले. मग त्यांनी आपली खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी दिली. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडी धरून पाहिली, दोन कोरी निघाली, ती काढली. एकविसाव्या दिवशी नऊ पिले झाली. यावेळी लस चुकवली नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी टोचणी. लस दवाखान्यातून बर्फात आणायची आणि ठणठणीत पक्ष्यांनाच द्यायची.

तेव्हा बायांनो, सणाच्या घाईत नवी कोंबडी आणलीत, तर तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, लांब ठेवा. तिचे दाणापाणी शेवटी करा आणि हात धुवा. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा तास तरी उजेड लागतो. रोज थोडे थोडे आधी लावत पहाटे चारपासून उजाडेपर्यंत खुराड्यात छोटा दिवा ठेवा. शिंपल्यांचा चुरा विसरू नका. आणि केकला अंडे फोडण्याआधी पाण्यात सोडा. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्या.

यंदा आमच्या घरी बावीस कोंबड्या आहेत. पेटीचा भाता गेल्या महिन्यात बसवून आणला. पहिली बारा अंडी मात्र काकूंकडे गेली. त्यांना केक पोचवायचा तो वेगळा.

तुमच्या गावी नाताळला कोणता फराळ होतो, कोणत्या चाली म्हणतात, ते एका कार्डावर जरूर लिहून कळवा.