घरच्यासाठीं कॅमेरा

एका वाचकांनीं पत्रानें विचारलें आहे कीं, येत्या वैशाखांत धाकट्याची मुंज आहे, आजींनीं पंचाऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. तरी छायाचित्रें व चलच्चित्रें दोन्ही घेतां येतील असा बेताच्या किंमतीचा कॅमेरा कोणता घ्यावा?

उत्तरापूर्वीं एक उलट प्रश्न विचारणें प्राप्त आहे. हातांतील मोबाइल पुरत नाहीं काय? अंगणांत, सहलींत, देवळाच्या आवारांत, दिवसाच्या उजेडीं चांगला मोबाइल इतकें सुरेख चित्र देतो कीं, तेवढ्यासाठीं निराळें यंत्र घेणें म्हणजे द्रव्याचा अपव्यय होय. परंतु आपल्या घरांतील महत्त्वाचे प्रसंग बहुधा उजेडांत घडत नाहींत. देवघर, माजघर, होमाच्या धुरानें भरलेलें कार्यालय, दिवेलागणीची वेळ! तेथें मोबाइलमधील चेहरे सारवल्यासारखे गुळगुळीत होतात. कॅमेऱ्याची परीक्षा तेथेंच करावी.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेलची संख्या सांगेल. ती ऐकून घ्यावी व सोडून द्यावी. सहा इंच लांब व चार इंच रुंद अशा छापील चित्रास, इंचाला ३०० बिंदु धरले तरी, २२ लक्षांहून कमी बिंदु लागतात. आजचा साधा कॅमेराहि त्याच्या कैक पट देतो. विचारावयाचें तें असें कीं, आंतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारें पटल, केवढें आहे? खिशांत मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत तें बहुधा सुमारें ६ × ४.५ मिलिमीटर असतें. भिंग बदलतां येणाऱ्या एपीएस-सी जातीच्या कॅमेऱ्यांत सुमारें २३ × १५. क्षेत्रफळ बारा पटींहून अधिक झालें. पावसांत वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाणी कशांत अधिक सांचेल हें मुलांसहि कळतें.

दुसरी गोष्ट भिंगाची. अशा कॅमेऱ्याबरोबर नेहमीं मिळणारें १८-५५ मिलिमीटरचें भिंग बहुधा एफ ३.५ ते ५.६ असें असतें. हा अंक जितका लहान, तितकें द्वार मोठें. आणि प्रकाश त्या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत आंत येतो. एफ १.८ चें भिंग ५.६ च्या मानानें नऊ पटींहून अधिक प्रकाश घेतें. ५० मिलिमीटर, एफ १.८ हें भिंग इतरांच्या मानानें स्वस्त पडतें. एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्याचा आवांका अरुंद असतो. सबंध कुटुंब त्यांत मावणार नाहीं, त्याकरितां १८-५५ चेंच लावावें. परंतु समईजवळ बसलेल्या आजींचें किंवा बटूचें चित्र त्यानेंच घ्यावें. पैसा थोडा असेल तर यंत्र वापरलेलें व भिंग चांगलें, असें माझें स्पष्ट मत आहे. वापरलेलें घेतांना भिंगांतून दिव्याकडे पाहावें; आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय, सौदा मोडावा. कोंकणांतील बिऱ्हाडांनीं तर कॅमेरा घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसहच ठेवावा.

चलच्चित्राच्या बाबतींत लोक ४के आहे कीं नाहीं तें पाहतात व ध्वनि विसरतात. आजींच्या तोंडच्या ओव्या, त्यांच्या माहेरच्या हकीकती, मसाल्याचें प्रमाण सांगतांनाचा तो ठसका, हें सारें आवाजांत आहे. चित्र थोडें अंधुक असलें तरी चालेल, शब्द कळले पाहिजेत. म्हणून बाहेरचा माइक जोडण्याची खांच आहे काय, हें अवश्य पाहावें. कॅननच्या ईओएस १५००डी ला ती नाहीं. ईओएस आर५० ला आहे. खांच नसेल तर मोबाइल आजींच्या पदराजवळ ठेवून आवाज निराळा घ्यावा व आरंभीं एक टाळी वाजवावी. मागाहून त्या टाळीवरून चित्र व ध्वनि जुळवितां येतात.

अनेक जुने कॅमेरे २९ मिनिटें ५९ सेकंद झालीं कीं चित्रण थांबवितात. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रांवर युरोपांत निराळी जकात पडे, तिचें हें फळ. तेव्हां मातृभोजन रंगांत आलें असतां यंत्र निजलें नाहीं ना, हें कोणीतरी पाहात असावें. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. म्हणून यंत्र पाल पद्धतीवर, सेकंदाला २५ चौकटी व शटर १/५० असें लावावें, म्हणजे दिव्यांच्या प्रकाशाचे पट्टे चित्रांत उमटण्याचा संभव कमी होतो. एक तिपाईहि घ्यावी. ज्या सूनबाईंना कॅमेरा चालवितां येतो त्या घरच्या कोणत्याच चित्रांत नसतात, हा अन्याय मीं पुष्कळ घरीं पाहिला आहे.

सेकंदाला ५० मेगाबिट या वेगानें तासाभराच्या चित्रणास सुमारें २२.५ गिगाबाइट जागा लागते. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कवर काढून एक लेकीच्या घरीं ठेवावी.

आणि यंत्र घरीं आलें कीं मुंजीची वाट पाहूं नये. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आजींना खिडकीशीं बसवून जुन्या फोटोंची पेटी पुढ्यांत द्यावी, आणि कोण कोणाचें कोण तें त्यांच्याच तोंडून, नांवानिशीं, टिपून घ्यावें.